२०० पैकी २१४ गुण कसे पडतात? तलाठी भरतीचं नॉर्मलायझेशन आणि एसएससीने बदललेलं सूत्र

जून २०२५ मध्ये स्टाफ सिलेक्शन कमिशनने, म्हणजे आपल्या एसएससीने, एक छोटी नोटीस काढली. अनेक शिफ्टमध्ये होणाऱ्या परीक्षांचे गुण यापुढे 'इक्विपर्सेंटाइल' पद्धतीने जुळवले जातील, असं त्यात म्हटलंय. नोटीस दिल्लीची, भाषा रुक्ष, त्यामुळे बहुतेकांनी ती व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलली आणि विसरून गेले. पण धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब इथल्या अभ्यासिकांमध्ये सकाळी सहाला जाऊन जागा धरणाऱ्या मुलामुलींनी ती नीट समजून घ्यायला हवी. कारण ज्या प्रकारचं सूत्र एसएससीने आता बाजूला ठेवलं, तशाच सूत्रामुळे जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात एवढा गदारोळ झाला होता.

आठवतंय ना? तलाठी भरतीचा निकाल लागला आणि २०० गुणांच्या पेपरमध्ये एका उमेदवाराला २१४ गुण. 'दोनशेपैकी दोनशे चौदा' हा आकडा एका दिवसात राज्यभर फिरला. विरोधकांनी घोटाळ्याचा आरोप केला, तत्कालीन महसूल मंत्री राधाकृष्ण विखे पाटलांनी तो फेटाळला, आणि भूमी अभिलेख विभागाने सांगितलं की हे नॉर्मलायझेशनमुळे झालंय. ते खरंही आहे, २१४ गुण पडणं गणिताने शक्य आहे. पण 'शक्य आहे' आणि 'योग्य आहे' यात फरक आहे, आणि त्या फरकाबद्दल त्या वेळी फारसं कुणी बोललं नाही.

आधी भरतीचा आकार बघा. जून २०२३ ची जाहिरात ४,६४४ जागांची. त्यात आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे ११०. अर्ज दहा लाख एकेचाळीस हजारांच्या वर. प्रत्यक्ष परीक्षेला बसले आठ लाख चौसष्ट हजारांहून जास्त. शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीव गटाला ९००. सगळ्यांनी ९०० च भरले असं धरलं तरी नव्वद कोटींच्या पुढे रक्कम जाते. जागा १०० प्रश्नांवर ठरणार: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन, प्रत्येकी २५. वेळ दोन तास. मुलाखत नाही. म्हणजे तुमची बाजू मांडायला समोर कुणी माणूस बसलेला नसतो. तुमच्या बाजूने बोलतो तो फक्त एक आकडा, आणि तो आकडाही तुम्ही सोडवलेल्या पेपरचा जसाच्या तसा नसतो.

आणखी एक अट होती: एका उमेदवाराने एकाच जिल्ह्यासाठी अर्ज करायचा. त्यामुळे धाराशिवला अर्ज केला तर लातूरची यादी कितीही खाली उतरली तरी तुम्हाला उपयोग नाही. ११० जागा प्रवर्गांत वाटल्या, त्यात पुन्हा महिला, माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त असं समांतर आरक्षण लावलं की एकेका रकान्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या जागा उरतात. तिथे एक-दोन गुणांचा नाही, दशांश चिन्हानंतरच्या आकड्याचा फरक नोकरी ठरवतो. (जाता जाता: ज्यांनी अर्ज केला त्यांनी तो 'उस्मानाबाद' जिल्ह्यासाठी भरला होता. परीक्षा संपली त्याच महिन्यात, सप्टेंबर २०२३ मध्ये, जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं.)

५७ शिफ्ट, ५७ पेपर

परीक्षा १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ या काळात, रोज तीन सत्रं, एकूण ५७ सत्रांत झाली. साडेआठ लाख संगणक एकाच वेळी राज्यात कुठेच मिळणार नाहीत, म्हणून शिफ्ट करावीच लागतात. प्रत्येक शिफ्टला वेगळा पेपर, म्हणजे एकूण ५,७०० प्रश्न. आता ५७ पेपर अगदी सारख्या अवघडपणाचे काढणं कुणालाही जमत नाही. एखाद्या शिफ्टला गणितं लांबलचक येतात, एखाद्या शिफ्टला समानार्थी शब्द सोपे येतात. मग एका दिवसाच्या सकाळच्या १४० ची दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळच्या १४० शी तुलना कशी करायची? त्यासाठी नॉर्मलायझेशन.

मधे २१ ऑगस्टला सकाळचं सत्र राज्यभर साधारण दोन तास उशिरा सुरू झालं, कारण परीक्षा घेणाऱ्या टीसीएसच्या डेटा सेंटरमध्ये तांत्रिक बिघाड झाला. अनेकांनी तेव्हा विचारलं होतं, की प्रत्येक केंद्रात सर्व्हर असतो तर सगळीकडे एकदम कसं बंद पडलं? अशा परीक्षांची रचना साधारण अशी असते: प्रश्नपत्रिका कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून, केंद्रातल्या सर्व्हरवर येते आणि ती उघडायची किल्ली परीक्षेच्या अगदी तोंडावर मध्यवर्ती यंत्रणेकडून मिळते. पेपर फुटू नये म्हणून हे चांगलंच आहे. पण मध्यवर्ती यंत्रणाच आजारी पडली की केंद्रावरचे संगणक, पर्यवेक्षक, उमेदवार सगळे तयार असूनही कुणालाच काही करता येत नाही. ज्यांना आपल्या जिल्ह्याऐवजी लांबचं केंद्र मिळालं होतं आणि तशा तक्रारी बऱ्याच होत्या, त्यांनी रात्रभर एसटीत बसून यायचं आणि गेटबाहेर दोन तास थांबून मग बुद्धिमापन सोडवायचं. या दोन तासांची भरपाई कुठल्याही सूत्रात नसते.

सूत्र काय करतं?

एसएससीने २०१९ मध्ये आपलं जुनं सूत्र जाहीर केलं होतं. सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशनवर चालणाऱ्या सूत्रांचं ते चांगलं उदाहरण आहे, म्हणून तेच घेऊ. गुण कमाल मर्यादेच्या पुढे जाणं याच घराण्यातल्या सूत्रांत होतं.

कल्पना सोपी आहे. प्रत्येक शिफ्टच्या गुणांवर दोन खुणा करायच्या. खालची खूण म्हणजे त्या शिफ्टची सरासरी अधिक स्टँडर्ड डेव्हिएशन. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत याचं माप. वरची खूण म्हणजे त्या शिफ्टमधल्या सर्वात वरच्या ०.१ टक्का उमेदवारांची सरासरी. मग सगळ्या शिफ्ट एकत्र करून अशाच दोन खुणा काढायच्या, आणि प्रत्येक शिफ्टची पट्टी ताणून किंवा दाबून तिच्या दोन्ही खुणा एकत्रित खुणांवर नेऊन बसवायच्या. रबराची पट्टी असते तसंच.

आकडे घालून बघू, हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतलेत. समजा सगळ्या शिफ्ट मिळून खालची खूण १२० आणि वरची १९०. मधलं अंतर ७०. एका अवघड शिफ्टमध्ये या खुणा १०४ आणि १६८ वर आल्या, अंतर ६४. त्या शिफ्टमध्ये तुम्हाला १४० पडले. खालच्या खुणेपासून तुम्ही ३६ गुण वर आहात. ३६ ला ७० ने गुणा, ६४ ने भागा, येतात ३९.४. त्यात १२० मिळवा. तुमचे झाले १५९.४. त्याच शिफ्टमध्ये कुणाला १८० पडले असतील तर त्याचे होतात २०३.१. पेपर २०० चा असला तरी पट्टी ताणताना तिला शेवट कुठे आहे हे माहीतच नसतं. २१४ हा असाच येतो.

आता सोपी शिफ्ट. तिथल्या खुणा १३४ आणि १९७. तुमच्या मैत्रिणीला तिथे १६० पडले. खालच्या खुणेपासून ती २६ वर आहे. हिशोब केला की तिचे होतात १४८.९. तिने तुमच्यापेक्षा दहा प्रश्न जास्त बरोबर सोडवले आणि यादीत ती तुमच्या दहा गुण खाली गेली. घरी ती हे कसं समजावणार? आई विचारते, "अगं, तुझे जास्त बरोबर आले होते ना?" आणि या प्रश्नाला नॉर्मलायझेशनच्या पानावर उत्तर नसतं.

तरी सांगतो, इथपर्यंत सूत्र चुकीचं नाही. पेपर खरंच सोपा असेल तर १६० ची किंमत कमीच. नुसत्या मूळ गुणांवर यादी लावली असती तर अवघड शिफ्टवाल्यांवर सरळ अन्याय झाला असता. मला खटकतं ते दुसरीकडे आहे.

साडेआठ लाख उमेदवारांना ५७ ने भागलं की एका शिफ्टला साधारण १५,००० येतात. त्यांचा ०.१ टक्का म्हणजे पंधरा माणसं. म्हणजे तलाठी भरतीच्या आकाराच्या परीक्षेला हे सूत्र लावलं, तर पंधरा हजार लोकांचे गुण कसे ताणायचे हे वरची पंधरा माणसं ठरवतात. इंजिनिअर म्हणून मला एवढ्या लहान नमुन्यावर उभं असलेलं काहीही बघितलं की भीती वाटते.

समजा त्या अवघड शिफ्टमध्ये आठ जणांनी कानात यंत्र घालून कॉपी केली आणि प्रत्येकाने १९८ घेतले. वरच्या पंधरांत आता हे आठ आणि प्रामाणिक सात. वरची खूण साधारण १६८ वरून १८४ वर गेली. सरासरी मात्र जागची हलत नाही, कारण पंधरा हजारांत आठ म्हणजे काहीच नाही. आता पट्टीतलं अंतर ६४ ऐवजी ८०. तुमचे तेच १४० घ्या: ३६ गुणिले ७० भागिले ८०, म्हणजे ३१.५. अधिक १२०. झाले १५१.५. मघाशी १५९.४ होते. तुम्ही काहीच केलं नाही, तुमचा पेपर तोच, तुमची उत्तरं तीच, आणि कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर आठ जणांनी केलेल्या कॉपीमुळे तुमचे आठ गुण गेले. कॉपी करणारा फक्त एक जागा चोरतो असं आपण समजतो. या सूत्रात तो आपल्या शिफ्टमधल्या प्रत्येक चांगल्या उमेदवाराच्या गुणांतूनही चोरतो.

ही भीती हवेतली नाही. तलाठी परीक्षेच्या पहिल्याच दिवशी नाशिकमध्ये म्हसरूळच्या केंद्राबाहेर इलेक्ट्रॉनिक साधनांसह एका संशयिताला पोलिसांनी पकडलं होतं. त्याआधी २०२१ मध्ये आरोग्य विभागाचा पेपर फुटला, म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलावी लागली, टीईटीच्या निकालात फेरफार झाल्याचं उघड झालं. त्याच्याही आधी तक्रारींमुळे महापरीक्षा पोर्टल बंद करावं लागलं होतं. इतकं सगळं झाल्यावर सरकारने टीसीएस आणि आयबीपीएसकडे भरती परीक्षा दिल्या. म्हणून २१४ हा आकडा दिसला तेव्हा मुलांनी आधी गणित नाही, घोटाळा आठवला. मला त्यांचा राग येत नाही.

नव्या पद्धतीत काय वेगळं?

इक्विपर्सेंटाइलमध्ये पट्टी ताणायचा प्रकारच नाही. तुमच्या शिफ्टमध्ये तुम्ही कितव्या टक्क्यावर आहात ते बघतात. म्हणजे १४० घेऊन तुम्ही आपल्या शिफ्टमधल्या ९२ टक्के लोकांच्या पुढे असाल तर तुमचा पर्सेंटाइल ९२. मग एक शिफ्ट आधार म्हणून धरतात आणि तिथे ९२ पर्सेंटाइलवाल्याला किती गुण आहेत ते शोधतात. तिथे १५७ असतील तर तुम्हाला १५७. जेईई मेनमध्ये एनटीए २०१९ पासून पर्सेंटाइलच वापरते, फक्त तिथे परत गुणांत आणत नाहीत.

यात २१४ येऊच शकत नाहीत, कारण शेवटी कुणाला तरी खरोखर पडलेल्या गुणांच्याच हद्दीत तुम्हाला बसवलं जातं. आणि मघाचे आठ कॉपीबहाद्दर? पंधरा हजारांत आठ म्हणजे सुमारे ०.०५ टक्का. तुमचा पर्सेंटाइल ९२ चा ९१.९५ होईल. कॉपीवाले स्वतः वर जातीलच, ते थांबवणं पोलिसांचं काम. पण निदान त्यांच्यामुळे तुमची अख्खी पट्टी आखडत नाही.

मग ही पद्धत निर्दोष आहे का? नाही. प्रत्येक शिफ्टमध्ये आलेली गर्दी हुशारीने साधारण सारखी आहे, असं ती गृहीत धरते. खरं तर जुनं सूत्रही तेच गृहीत धरतं. उमेदवार शिफ्टमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले असतील तर पंधरा हजारांच्या गर्दीत हे बरोबर ठरतं. पण एखाद्या शिफ्टमध्ये पुण्यात राहून दोन-तीन वर्षं क्लास लावलेली मुलं जास्त आली आणि दुसरीत गावात राहून, शेतातली कामं करत अभ्यास करणारी, तर पहिल्या शिफ्टमधल्या चांगल्या मुलाचा पर्सेंटाइल विनाकारण घसरतो आणि दुसऱ्या शिफ्टमधल्याचा विनाकारण चढतो. म्हणून शिफ्ट कशी वाटली, हा प्रश्न सूत्राइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो फार कमी विचारला जातो.

काही जण म्हणतात, भानगडच नको, एकाच दिवशी एकच पेपर घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजला उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगासमोर हजारो मुलं याच मागणीसाठी रस्त्यावर बसली आणि चौथ्या दिवशी आयोगाने पीसीएस पूर्व परीक्षा एकाच दिवशी घेण्याचं मान्य केलं. पण एकच दिवस म्हणजे कागदावरचा पेपर, छापखाना, ट्रंका, स्ट्राँग रूम. नीट २०२४ एकाच दिवशी, एकाच पेपरवर झाली, तरी फुटली, आणि त्या प्रकरणाचा तपास आपल्या शेजारी लातूरपर्यंत येऊन पोचला. तलाठी भरतीसारख्या आठ-नऊ लाखांच्या परीक्षेला शिफ्ट राहणार, असंच मला वाटतं.

मग मागायचं काय?

सूत्र कुठलंही असो, आपला गुण उमेदवाराला स्वतःच्या मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने पडताळता आला पाहिजे. त्यासाठी फार काही लागत नाही. प्रत्येक शिफ्टला किती जण बसले, सरासरी किती, स्टँडर्ड डेव्हिएशन किती, वरच्या ०.१ टक्क्याची सरासरी किती. ५७ ओळींचा एक तक्ता, एका पानाची पीडीएफ. हा डेटा निकाल तयार करताना सर्व्हरवर असतोच, त्याशिवाय गुण काढताच येत नाहीत. तो निकालासोबतच, आणि प्रत्येकाच्या मूळ गुणांसह, आला तर २१४ चा आकडा बघून कुणाला मोर्चा काढावा लागणार नाही. गडबड झाल्यावर अधिकाऱ्यांनी पत्रकारांना समजावून सांगणं आणि आधीच तक्ता टाकणं, यात विश्वासाचा केवढा फरक पडतो! जाहिरातीतही 'सामान्यीकरण करण्यात येईल' एवढं एक वाक्य पुरत नाही. कुठली पद्धत, कुठलं सूत्र, बरोबरी झाली तर पुढे काय, दशांशाची किती स्थळं धरणार, हे अर्ज भरायच्या आधी कळायला हवं.

इथे आमच्या आयटी क्षेत्राबद्दल एक कबुली द्यावी लागेल. तलाठी भरतीत निदान उत्तरतालिका आली, हरकती मागवल्या, काही उत्तरं बदलली. खासगी कंपन्यांच्या ऑनलाइन टेस्टमध्ये यातलं काहीच नसतं. गुण सांगत नाहीत, चूक कुठे झाली सांगत नाहीत, 'आम्ही तुमच्या अर्जाचा विचार करू शकत नाही' असा मेल येतो किंवा तोही येत नाही. आणि निवड झाल्यावरही सगळं संपत नाही: इन्फोसिसने २०२२ च्या बॅचच्या सुमारे दोन हजार मुलांना ऑफर देऊन दोन वर्षं रुजू करून घेतलं नाही, अशी तक्रार पुण्याच्या 'नाइट्स' संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली होती. त्यानंतर कंपनीने ऑफर पाळू असं सांगितलं. सरकारी भरतीकडे पोरं का वळतात, याचं निम्मं उत्तर इथेही आहे.

धाराशिव नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. सरळ मराठीत सांगायचं तर मागास. मोठे कारखाने नाहीत, आयटी पार्क नाही, पाऊस बेभरवशाचा. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ही गावात राहून मिळणारी, पगार वेळेवर होणारी नोकरी. म्हणून इथे दशांशाच्या दुसऱ्या स्थळाला एवढी किंमत आहे.

पुढच्या कुठल्याही शिफ्टवाल्या परीक्षेला बसलात तर काही गोष्टी करून ठेवा. रिस्पॉन्स शीट उघडली की लगेच पीडीएफ करून स्वतःच्या ड्राइव्हवर टाका, लिंक काही दिवसांनी बंद होते. हॉलतिकीट जपून ठेवा, तुमची तारीख आणि शिफ्ट त्यावर असते. उत्तरतालिकेवर हरकत घेताना पुस्तकाच्या पानाचा फोटो सोबत लावा, शक्यतो पाठ्यपुस्तक किंवा शासकीय प्रकाशन.

आणि टेलिग्रामवरचे 'रँक प्रेडिक्टर'. परीक्षा झाली की दोन तासांत असे वीस चॅनल उगवतात. 'रिस्पॉन्स शीटची लिंक टाका, नॉर्मलाइज्ड मार्क मिळवा.' त्या पानावर तुमचं नाव, आसन क्रमांक, केंद्र, वेळ आणि सगळी उत्तरं असतात, आणि तुम्ही ती अनोळखी माणसाला देता. बदल्यात मिळणारा आकडा बहुतेक वेळा अंदाजाने काढलेला असतो. नॉर्मलायझेशनसाठी सगळ्या शिफ्टमधल्या सगळ्या उमेदवारांचे गुण लागतात. त्या चॅनलवाल्याकडे असतात फक्त लिंक टाकणाऱ्यांचे, आणि लिंक टाकणारे बहुधा ज्यांचा पेपर चांगला गेला तेच. त्यामुळे त्याची सरासरी फुगलेली, खुणा चुकलेल्या, आणि तुमचा 'अपेक्षित गुण' खऱ्यापेक्षा बराच खाली दाखवला जाऊ शकतो. असा आकडा बघून पुढच्या परीक्षेचा अभ्यास सोडून दिलेली मुलं मी पाहिलीत. अधिकृत गुण येईपर्यंत आपल्याकडे पक्कं एवढंच असतं: उत्तरतालिकेप्रमाणे बरोबर आलेले प्रश्न, गुणिले दोन.